पंचविशीच्या आत आहात? अमेरिकेत डीलरकडे लोनर गाडी मागण्याआधी एवढं बघा

अमेरिकेत एमएसला येणारी मराठी मुलं-मुली बहुतेक बावीस-तेवीस वर्षांची असतात. पहिले काही महिने बस आणि सीनियर्सच्या गाडीतली मागची सीट. मग तीन-चार रूममेट मिळून एखादी जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात. आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर त्या गाडीचं काहीतरी निघतं. एअरबॅगचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) असतो, नाहीतर ट्रान्समिशन गडबडतं, आणि डीलर सांगतो की गाडी दोन-तीन दिवस ठेवावी लागेल. तोवर चालवायला डीलर दुसरी गाडी देतो हे कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खरंही आहे. या गाडीला इथे सगळे लोनर म्हणतात. फक्त ती देण्याआधी काउंटरवर लायसन्स मागतात, जन्मतारीख बघतात, आणि गाडं तिथे अडतं.

वयाची अट कुठे २१ असते, कुठे २५, क्वचित कुठे १८. एकाच गावात, एकाच ब्रँडच्या दोन डीलरांकडे दोन वेगळे आकडे ऐकायला मिळतात, कारण हा आकडा कुठल्या सरकारी नियमातला नाही. डीलरने आपल्या गाड्यांसाठी जी इन्शुरन्स पॉलिसी घेतलेली असते, तिच्यात तो लिहिलेला असतो. त्यामुळे ‘अमेरिकेत लोनरला किती वय लागतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘या डीलरकडे किती लागतं’ याला मात्र आहे, आणि ते एका फोनवर कळतं.

लोनर आणि रेंटल यांतला फरक

डीलरकडून मिळणारी बदली गाडी दोन वाटांनी येते. एक, डीलरच्या स्वतःच्या मालकीची. सहसा त्याच ब्रँडची, एक-दोन वर्षांतली, सर्व्हिसच्या मागच्या लॉटमध्ये उभी असलेली. भाडं नाही, करारावर सही करायची आणि चावी घ्यायची. ही खरी लोनर. लेक्सस, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्या डीलरांकडे अशा गाड्यांचा ताफा असतो. टोयोटा-होंडाच्या डीलरांकडे असल्या तर मोजक्या.

दुसऱ्या वाटेत डीलर एंटरप्राइझसारख्या रेंटल कंपनीला कळवतो, भाडं आपल्या किंवा उत्पादक कंपनीच्या खात्यावर लावतो, आणि तुम्ही रेंटलवाल्यांच्या करारावर सही करता. मोठ्या डीलरशिपमध्ये रेंटलचं टेबल सर्व्हिस विभागातच मांडलेलं असतं, त्यामुळे नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतं. करार कोणाशी होतोय ते कागदाच्या वरच्या ओळीत छापलेलं असतं. सहीआधी ती ओळ वाचा.

फरक एवढा महत्त्वाचा का? पहिल्या वाटेत वयाची अट डीलरचा इन्शुरर ठरवतो, दुसऱ्या वाटेत रेंटल कंपनी. आणि रेंटल कंपन्यांची अट बहुतेक वेळा सैल असते. एंटरप्राइझ अमेरिकेत साधारणपणे २१ पूर्ण झालेल्याला गाडी देते. न्यूयॉर्क आणि मिशिगन या दोन राज्यांत १८ ला. २१ ते २४ वयाच्या माणसाकडून मात्र ‘यंग रेंटर फी’ घेतली जाते. ती ठिकाणानुसार बदलते, पण दिवसाला साधारण २५ डॉलर धरून चाला. शिवाय मोठ्या एसयूव्ही आणि महागड्या गाड्या या वयाला मिळत नाहीत, साधी सेडान मिळते.

म्हणजे ज्या तेवीस वर्षांच्या मुलीला डीलर स्वतःची लोनर देणार नाही, तिलाच तो रेंटलवाल्यांमार्फत गाडी मिळवून देऊ शकतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हे आपणहून सुचवेलच असं नाही. विचारावं लागतं.

हा पंचवीसचा आकडा का

सरळ कारण अपघातांचं. महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या आयआयएचएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार, चालवलेल्या मैलांच्या हिशेबात १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचा जीवघेण्या अपघातांचा दर वीस आणि त्यापुढच्या ड्रायव्हरांच्या जवळजवळ तिप्पट आहे. विशी ओलांडली की धोका उतरत जातो, पण इन्शुरन्स कंपन्या पंचविशीपर्यंत हात आखडताच ठेवतात. ताफ्याची पॉलिसी देताना ‘अमुक वयाखालच्याला चावी देऊ नका’ अशी अट घातली की डीलरचा हप्ता कमी बसतो. समोरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा यात काही हात नसतो, म्हणून त्याच्याशी वाद घालणं हा वेळेचा अपव्यय.

कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. काही राज्यांत, विशेषतः न्यूयॉर्कमध्ये, चालवणाऱ्याच्या चुकीची भरपाई गाडीच्या मालकाकडून मागता येत असे, आणि रेंटल कंपन्यांना त्याचा मोठा फटका बसायचा. २००५ मध्ये संसदेने ग्रेव्हज अमेंडमेंट आणली. मिझुरीचे प्रतिनिधी सॅम ग्रेव्हज यांच्या नावावरून हे नाव पडलं. भाड्याने किंवा लीजवर गाडी देण्याचा धंदा करणाऱ्यावर केवळ मालक म्हणून जबाबदारी टाकायची नाही, असं या तरतुदीने ठरवलं. पण मालकाची स्वतःची हयगय असेल तर सूट नाही. धोका दिसत असताना एखाद्याच्या हाती गाडी दिली, असा दावा आजही लागू शकतो. शिवाय फुकट दिलेली लोनर ही ‘भाड्याने दिलेली’ धरायची का, यावर कोर्टात खल झालेला आहे. डीलर जपून वागतात ते या सगळ्यामुळे.

‘हा वयावरून भेदभाव नाही का?’ हा प्रश्न आपल्या मुलांकडून हमखास येतो. वयाच्या भेदभावाविरुद्धचा जो केंद्रीय कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो तो नोकरीपुरता आहे, आणि तोही चाळीस आणि त्यापुढच्यांसाठी. तरुण ग्राहकाला गाडी नाकारणं बहुतेक राज्यांत बेकायदा नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र १८ पूर्ण झालेल्याला केवळ वयावरून गाडी भाड्याने नाकारता येत नाही, अट एवढीच की त्या वयासाठी विमा मिळत असावा. जास्तीचा खर्च मात्र तुमच्याकडून घेता येतो. मिशिगनमध्येही १८ ला गाडी मिळते. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो किंवा मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला शिकत असाल आणि डीलर लोनर नाकारत असेल, तर सरळ रेंटल मागा.

पायरी १: गाडी कशासाठी जाते आहे ते ठरवा

बदली गाडीचे पैसे कोण भरणार हे कामाच्या प्रकारावर अवलंबून असतं, आणि जो पैसे भरतो त्याचे नियम चालतात.

ऑइल चेंज किंवा ब्रेक पॅडसारखं काम असेल तर जुन्या गाडीसाठी लोनरची आशा धरू नका. तिथेच बसा, तास-दीड तासात होतं.

वॉरंटीचं काम असेल तर उत्पादक कंपनीची काही योजना असू शकते. उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘कर्टसी ट्रान्सपोर्टेशन’ नावाचा भाग असतो. वॉरंटीत रात्रभर गाडी ठेवावी लागली तर काय सोय होऊ शकते ते तिथे दिलेलं आहे, आणि किमान वय, विमा, क्रेडिट कार्ड अशा अटी लागू शकतात हेही त्याच पानावर छापलेलं आहे. दुसऱ्या ब्रँडची गाडी असेल तर तिचं वॉरंटी बुकलेट काढून बघा. सेकंडहँड गाडी घेताना सर्व्हिस काँट्रॅक्ट (पैसे देऊन घेतलेली जादा वॉरंटी) घेतलेला असेल तर त्यातही रेंटलसाठी दिवसाला ठरावीक रक्कम असू शकते.

रिकॉलचं प्रकरण निराळं. रिकॉलची दुरुस्ती मोफत करून देणं उत्पादकावर कायद्याने बंधनकारक आहे, रिकॉल जाहीर होताना गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षं उलटलेली नसतील तर. पण दुरुस्ती होईस्तोवर दुसरी गाडी देणं कायद्याने बंधनकारक नाही. देतात ते आपखुशीने, किंवा सुटे भाग मिळायला फार उशीर होत असेल तेव्हा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग बदलायच्या यादीत आल्या. त्यातल्या २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांतले इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) सर्वांत घातक ठरले. विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या स्वस्त गाड्यांत अशा जुन्या होंडा अजून दिसतात. म्हणून गाडी घेण्याआधीच तिचा १७ अक्षरांचा व्हीआयएन नंबर एनएचटीएसए या केंद्रीय रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून बघा. हा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा असतो. ‘चालवू नका’ असा इशारा आला तर डीलरपर्यंतही गाडी चालवत नेऊ नका. फोन करून गाडी ओढून नेण्याची (टो) आणि बदली गाडीची सोय मागा. अशा वेळी वयाच्या अटीवर डीलरपेक्षा उत्पादकाच्या कस्टमर केअरशी बोललेलं बरं, कारण पैसे त्यांचे असतात आणि रेंटलचं खातं उघडून द्यायचा अधिकारही त्यांच्याकडे असतो.

चौथा प्रकार अपघाताचा. तिथे डीलरचा संबंध कमी. तुमच्या पॉलिसीत ‘रेंटल रीइंबर्समेंट’ असेल तर विमा कंपनी रोजचं भाडं एका मर्यादेपर्यंत देते. महिन्याला काही डॉलरांत मिळणारं हे कलम विद्यार्थी हटकून गाळतात. आणि घेतलं असलं तरी ते फक्त क्लेमच्या दुरुस्तीला चालतं, गिअरबॉक्स बिघडला तर नाही.

पायरी २: अपॉइंटमेंटच्या आधी फोन

ऑनलाइन अपॉइंटमेंट घेताना ‘लोनर हवी’ असा चौकोन दिसतो. त्यावर टिक केली म्हणजे गाडी मिळाली असं समजू नका. ती नुसती इच्छा नोंदवली जाते. वय, विमा, कार्ड यांची तपासणी तुम्ही गाडी सोडायला गेल्यावर होते. तोवर तुमची गाडी लिफ्टवर चढलेली असते आणि नऊचं लेक्चर चुकलेलं असतं.

फोन सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान करू नका, त्या वेळी गाड्या सोडायला आलेल्यांची रांग असते. अकराच्या सुमारास करा. काही डीलरांकडे लोनरचं काम बघणारा वेगळा माणूस असतो, त्यालाच मागा. आणि पहिलंच वाक्य वयाचं टाका: मी बावीस वर्षांचा आहे, माझ्याकडे या राज्याचं लायसन्स आहे, फुल कव्हरेज विमा आहे, मला लोनर मिळेल का? वय मागाहून सांगण्यात काही साधत नाही, लायसन्स स्कॅन होतंच.

मग पुढचं विचारा. गाडी तुमची की रेंटल कंपनीची? रेंटल असेल तर यंग रेंटर फी आणि टॅक्स कोण भरणार? डीलर ‘आम्ही रेंटल कव्हर करतो’ म्हणतो तेव्हा कित्येकदा फक्त मूळ भाडं धरलेलं असतं. कार्डावर होल्ड (अनामत म्हणून अडकवून ठेवलेली रक्कम) किती लागेल, आणि डेबिट कार्ड चालतं का? लायसन्स किती जुनं लागतं? रोज किती मैलांची मर्यादा, आणि राज्याबाहेर नेलेली चालते का? शेवटचं म्हणजे त्या तारखेला गाडी माझ्या नावावर राखून ठेवलीय का?

उत्तर ‘वुई विल ट्राय’ असं आलं तर ते ‘नाही’ समजा. लोनर मोजक्या असतात, आणि ज्याने गाडी त्यांच्याचकडून विकत घेतलीय त्याचा नंबर आधी लागतो. दोन आठवडे पुढची तारीख चालत असेल तर तसं सांगा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. मिळालेलं उत्तर त्यांच्याकडून टेक्स्ट किंवा ईमेलवर मागून घ्या. फोनवरचा माणूस आणि त्या सकाळी काउंटरवर बसलेला माणूस एकच असेल याची खात्री नाही.

एका डीलरने नकार दिला तर त्याच ब्रँडच्या दुसऱ्या डीलरला फोन लावा. रिकॉल आणि उत्पादकाची वॉरंटी त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत डीलरकडे चालते, गाडी कुठून घेतली याचा संबंध नाही. वीस मैलांवरच्या डीलरचा इन्शुरर वेगळा असतो आणि आकडा २१ निघतो, असं सर्रास घडतं.

पायरी ३: कागद जुळवा, आणि नावं जुळतात का ते बघा

वयाच्या अटीतून सुटलेली कितीतरी मुलं इथे अडकतात.

पहिलं लायसन्स. मुंबई-पुण्यात आरटीओकडून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट एक वर्ष चालतं आणि सुरुवातीला कामाचं आहे, पण लोनरच्या काउंटरवर बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या राज्याचंच लायसन्स मागतात. त्यातही विद्यार्थ्यांच्या लायसन्सची मुदत आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद) आणि इमिग्रेशनच्या कागदांशी बांधलेली असते. शिक्षण संपून ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे) कागद येईपर्यंतच्या मधल्या काळात लायसन्स संपलेलं असणं अगदी नेहमीचं. मुदत संपलेल्या लायसन्सवर कुणीही चावी देणार नाही, मग वय चाळीस का असेना. आणि लायसन्स चार महिन्यांपूर्वीचं असेल तर गावाकडे सहा वर्षं गाडी चालवल्याचा हिशेब इथले इन्शुरर सहसा धरत नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही नवशिकेच.

दुसरा विमा. पाच-सहा हजार डॉलरच्या गाडीवर विद्यार्थी फक्त लायबिलिटी घेतात. गाडीच्या किमतीच्या मानाने ते शहाणपणाचंही आहे. पण लायबिलिटीतून समोरच्याचं नुकसान भरलं जातं, तुम्ही चालवत असलेल्या गाडीचं नाही. डीलरला आपल्या तीस-पस्तीस हजारांच्या गाडीची काळजी, म्हणून तो कोलिजन (धडकेचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरे) मागतो. लायबिलिटीसकट हे सगळं मिळून फुल कव्हरेज. पाकिटातलं विमा कार्ड पुरत नाही, कारण त्यावर कव्हरेजचा तपशील नसतो. पॉलिसीचं डिक्लरेशन पेज अ‍ॅपमधून पीडीएफ काढून फोनमध्ये ठेवा.

तुमच्याकडे फुल कव्हरेज असेल तर नेहमीच्या पॉलिसीत एक सोय असते. स्वतःची गाडी दुरुस्तीला असताना तात्पुरती वापरलेली बदली गाडीही पॉलिसीखाली येते. तुमचं डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा हिस्सा) मात्र लागू राहतं. एजंटला फोन करून आपल्या पॉलिसीत हे नेमकं कसं लिहिलंय ते विचारून घ्या. क्रेडिट कार्डाच्या रेंटल विम्यावर विसंबू नका. तो साधारणपणे त्या कार्डाने भाडं भरलेल्या रेंटलला लागू होतो, आणि फुकटच्या लोनरचं भाडं तुम्ही भरलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट नावांची. चौघांत एक गाडी असते, टायटल (मालकीचा कागद) एकाच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या, आणि डीलरकडे न्यायला मोकळा असतो तिसरा. लोनरचा करार ज्याच्या नावाने होतो त्याचंच लायसन्स, त्याचाच विमा, त्याचंच कार्ड लागतं. तेव्हा पॉलिसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच पाठवा. चौघांपैकी कुणी सव्वीस वर्षांचा पीएचडीवाला पॉलिसीवर असेल तर उत्तमच. पण त्याने सही करायची आणि बावीस वर्षांच्याने गाडी फिरवायची हा उद्योग करू नका. करारात ठरलेल्या माणसाखेरीज दुसरा चालवत असताना ठोकली, तर विम्याने हात वर केले तरी सही करणाऱ्याची सुटका नाही. दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घालता येतं का ते विचारा. त्यालाही वयाची तीच अट लागते.

शेवटचं कार्ड. नव्या विद्यार्थ्याचं सिक्युअर्ड कार्ड (अनामत भरून मिळणारं क्रेडिट कार्ड) पाचशे डॉलर मर्यादेचं असतं. त्यावर तीनशेचा होल्ड बसला की किराण्याला दोनशे उरतात, आणि होल्ड सुटायला गाडी परत दिल्यानंतरही काही दिवस जातात. महिनाअखेरीला लोनर घेत असाल तर हे आधीच धरून ठेवा.

पायरी ४: नाहीच म्हणाले तर

मग डीलरकडे काय काय आहे ते विचारा. बऱ्याच डीलरांची शटल असते. ठरावीक मैलांच्या आत घरी किंवा कॅम्पसवर सोडते, तिला वयाची अट नाही. अलीकडे बरेच डीलर उबर किंवा लिफ्टची राइड स्वतःच्या खात्यावरून बोलावून देतात. तीही मागितल्यावर. फोर्ड, टेस्लासारख्यांची मोबाइल सर्व्हिस आहे, किरकोळ काम तुमच्या पार्किंगमध्ये येऊन करून जातात.

स्वतःच्या पैशाने गाडी घ्यायची झाली तर हिशेब मांडा. समजा भाडं ४५ डॉलर, यंग रेंटर फी २५, वर टॅक्स, आणि विमा नसेल तर काउंटरवरचं कव्हरेज वेगळं. दिवस शंभरीपार जातो. दोन दिवस उबरने कॅम्पसला जाऊन आलात तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. हर्ट्झ अमेरिकेत २० वर्षांपासून गाडी देतं, आणि ट्रिपल ए या वाहनचालकांच्या क्लबचे सदस्य असाल तर २० ते २४ वयोगटाची जादा फी माफ करतं. वर्षाची सदस्यता दोन-तीन दिवसांच्या फीमध्ये वसूल होते, शिवाय बंद पडलेल्या गाडीला टो मिळतो. जुनी गाडी वापरणाऱ्याला तर तेच जास्त कामाचं.

मला विचाराल तर विद्यार्थ्यांसाठी सर्वांत सोयीची झिपकार. एरवी २१ लागतात, पण ज्या विद्यापीठांशी त्यांचा करार आहे तिथले विद्यार्थी १८ पासून सदस्य होऊ शकतात. तासावर गाडी मिळते, पेट्रोल आणि विमा त्यातच. डीलरपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि संध्याकाळी भारतीय किराण्यासाठी पटेल ब्रदर्सची एक फेरी, एवढंच काम असेल तर तीन दिवस लोनर दारात उभी करून काय करायचंय?

पायरी ५: चावी हातात घेताना

करार दोन-तीन पानांचा असतो आणि काउंटरवरचा माणूस टॅब्लेट पुढे करून ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणतो. तीन कलमं शोधून वाचा: मैलांची मर्यादा, दुरुस्ती संपल्यावर किती तासांत परत द्यायची, आणि ‘लॉस ऑफ यूज’. या तिसऱ्या कलमाचा अर्थ असा की तुमच्या हातून गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीच्या खर्चाशिवाय गाडी बंद राहिली त्या दिवसांचेही पैसे मागता येतात. ते तुमचा विमा भरेलच असं नाही.

मग गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, ऑफिसातून बाहेर पडण्याआधी. लोनर दिवसाआड हात बदलते, आणि जुने ओरखडे कुणी नोंदवलेले नसतात. चारही चाकांच्या रिमच्या कडा जवळून घ्या. फूटपाथला घासल्याच्या खुणा तिथेच असतात आणि भांडणं सर्वांत जास्त त्यावरूनच होतात. समोरच्या काचेवर खड्याचा टवका आहे का ते तिरक्या उजेडात बघा. छत बघायला लोक विसरतात. टेक्सास, कोलोरॅडोसारख्या गारपिटीच्या राज्यांत छतावर आणि बॉनेटवर बारीक पोचे असतात, ते उन्हाच्या तिरिपेत दिसतात. शेवटी इंजिन चालू करून डॅशबोर्डचा एक फोटो: पेट्रोलचा काटा आणि ओडोमीटर दोन्ही दिसतील असा. करारात ‘फुल’ लिहिलंय आणि काटा पाऊणवर आहे, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

गाडी हातात असताना फूड डिलिव्हरी किंवा उबर चालवू नका. लोनरच्या करारात धंद्यासाठी वापराला मनाई असते. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय असलं काम करणं ही तर व्हिसाशी खेळण्याची गोष्ट आहे, त्यापुढे गाडीचं काय घेऊन बसलात.

अपघात झालाच तर पोलिसांना बोलवा, रिपोर्टचा नंबर घ्या, आणि त्याच दिवशी डीलर आणि स्वतःचा इन्शुरर दोघांनाही कळवा. समोरच्याशी रोख देऊन रस्त्यावर मिटवामिटवी करू नका. गाडी तुमची नाही, तडजोडीचा अधिकारही तुमचा नाही.

घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर

एडिसन, नेपरव्हिल किंवा फ्रीमाँटच्या मराठी घरांत प्रश्न थोडा वेगळा येतो. गाडी आई-बाबांच्या नावावर, लोनर बाबांच्या सहीने घरी येते, आणि संध्याकाळी मुलगी म्हणते, ‘बाबा, प्रॅक्टिसला मी घेऊन जाते.’ ती तुमच्या पॉलिसीवर असली, रोज तुमची गाडी चालवत असली, तरी लोनरच्या करारात ती नसते. आणि त्या वयाला घालूही देत नाहीत. किल्ली तिच्या हाती देऊ नका. त्या दोन दिवसांपुरती घरातली दुसरी गाडी तिला द्या आणि लोनर तुम्ही चालवा.

न्यूजर्सीत राहत असाल तर आणखी एक बाब. तिथे प्रोबेशनरी (नवशिक्यांचं) लायसन्स १७ व्या वर्षी मिळतं, आणि २०१० पासून लागू असलेल्या काइलीज लॉ नुसार २१ खालच्या प्रोबेशनरी किंवा परमिटवाल्या ड्रायव्हरला नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावावे लागतात. तुमच्या गाडीवर ते लावलेले असतील तर सर्व्हिसला देण्याआधी काढून घरी ठेवा. परत येईपर्यंत कुठेतरी गहाळ होतात.

परत देताना

जितकं पेट्रोल घेतलं तितकं भरून द्या, आणि पंपाची पावती ठेवा. डीलर स्वतः भरतो तेव्हा गॅलनमागे भाव पंपापेक्षा चढाच लावतो. दुरुस्ती झाल्याचा मेसेज आल्यावर ‘शनिवारी आणतो’ म्हणून लांबवू नका, मुदत उलटली की रोजचं भाडं सुरू होतं. पोचवल्यावर पुन्हा एक व्हिडिओ काढा, आणि कुणीतरी गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करून घ्या. बंद काउंटरच्या पेटीत चावी टाकून निघालात तर रात्रभराची जबाबदारी तुमचीच धरली जाऊ शकते.

आणि टोल. न्यूजर्सी टर्नपाइकवरून किंवा बे एरियाच्या पुलावरून लोनर नेली असेल, तर टोल गाडीच्या प्लेटवर पडतो, बिल डीलरकडे जातं आणि तिथून प्रशासन शुल्क चढून काही आठवड्यांनी तुमच्या कार्डावर येतं. स्वतःचा ई-झेडपास किंवा फास्ट्रॅक (टोलचा टॅग) असेल तर लोनरचा नंबर खात्यात तेवढ्या तारखांपुरता जोडा, आणि गाडी परत दिल्या दिवशीच काढून टाका, नाहीतर पुढच्या ग्राहकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील.